कुरतडलेल्या पानांचा मान

फाल्गुन उतरणीला लागला, की नंदुरबार जिल्ह्यात दोन लाल रंग समोरासमोर येतात. उत्तरेकडे सातपुड्याच्या उतारांवर, पानगळीने उघड्या पडलेल्या रानात पळस, काटेसावर आणि पांगारा पेटून उठतात; मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडू लागतो आणि भिल्ल व पावरा बांधवांची घरे टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच रानात उतरतात. खाली तापीच्या सपाटीवर, नंदुरबार शहराभोवतीच्या मोकळ्या मैदानांत, वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांची लाली अद्याप पुरती ओसरलेली नसते. या दोन रंगांच्या मधोमध, नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील घरांच्या परसात, ओट्यांवर आणि गच्च्यांवर आणखी एक लहानसा वसंत फुलत असतो. मोगऱ्याला कळ्या धरतात, कण्हेर लगडते, देवचाफा पानांवाचून फुलतो, कुंड्यांतील सदाफुली आणि झिनिया उन्हाला न जुमानता उभी असतात. पळसाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. या तिसऱ्या वसंताची वार्ता मात्र शेजारणींच्या बोलण्यापलीकडे जात नाही.

तरीही तो वसंत हा खरा देवाणघेवाणीचा काळ असतो. पिवळ्या जास्वंदीच्या फांदीच्या बदल्यात बटमोगऱ्याचे कलम, पेंडगुळाच्या रोपाच्या बदल्यात कढीपत्त्याचे रोप, हा व्यवहार पैशांवाचून चालतो आणि त्यात फसवणूकही होत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी रोपांचे वाण देण्याची चांगली प्रथा अलीकडे अनेक गावांत रुजू लागली आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ घेताना घरची बाग पाहुण्यांना दाखविली जाते. आणि खानदेशात तर आखाजी आहे! अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेली लेक गौराईची गाणी आणि झोके आटोपून सासरी निघते, तेव्हा तिच्या पिशवीत सांडगे-पापडांच्या जोडीला ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी फांदीही असते.

परंतु या सुंदर व्यवहारात एक विसंगती शिरली आहे आणि ती लहान दिसत असली, तरी तिचे परिणाम लहान नाहीत. ज्या घरात फुलपाखरे यावीत म्हणून हौसेने फुलझाडे लावली जातात, त्याच घरात कढीपत्त्याच्या पानावर अळी दिसली, की पाने तोडून फेकली जातात किंवा फवारणीचा पंप बाहेर निघतो. बाग दाखविताना यजमानीण अभिमानाने सांगते, की एकाही पानाला कीड नाही. पाहुण्या माना डोलावतात. एकही पान न कुरतडलेली बाग म्हणजे एकही फुलपाखरू जन्माला न आलेली बाग, ही गोष्ट त्या क्षणी कोणाच्या ध्यानात येत नाही.

वस्तुतः गोष्ट सोपी आहे. फुलपाखरू फुलावर जेवते. पण त्याची पिल्ले पानावर वाढतात. तीही वाटेल त्या पानावर नव्हे. प्रत्येक जातीची मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते, कारण तिच्या अळीला त्याच झाडाचे पान पचते. मध तर दगडी पाल्याच्या इवल्याशा फुलापासून झेंडूपर्यंत कोठेही मिळतो. अडचण असते ती पानांची. रोपवाटिकेतून 'फुलपाखरांची झाडे' म्हणून विकत आणलेल्या रोपांवर फुलपाखरे येतात, मध पितात आणि निघून जातात. कारण त्या अंगणात त्यांच्या संततीसाठी काहीही नसते. ती धर्मशाळा असते, घर नव्हे.

गंमत अशी, की त्या घरासाठी लागणारी झाडे बहुतेक जुन्या अंगणांत होतीच. शनिवारी मारुतीला वाहिली जाणारी रुई घ्या. 'प्लेन टायगर' या नावाने ओळखले जाणारे, नारिंगी पंखांचे, काळ्या-पांढऱ्या टोकांचे फुलपाखरू आपली अंडी रुईच्या पानाखाली एकेक करून चिकटविते. मराठीत त्याला 'बिबळ्या कडवा' म्हणतात, आणि तो 'कडवा' शब्द अतिशय नेमका आहे. रुईच्या चिकात विषारी द्रव्ये असतात. अळी पानाची शीर आधी चावून चिकाचा प्रवाह तोडते, मग निवांत पान खाते, आणि जे विष पोटात जाते ते शरीरात साठवून ठेवते. पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते विष तिच्याजवळ असते. ज्या पक्ष्याने एकदा असे फुलपाखरू खाल्ले, तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही. ही ख्याती इतकी पक्की आहे, की 'डॅनेड एगफ्लाय' या अगदी वेगळ्या, बिनविषारी फुलपाखराच्या मादीने हुबेहूब कडव्याचा वेश घेतला आहे. तिची अळी वाढते ती घोळ नावाच्या रानभाजीवर! म्हणजे कुंपणाशी रुई आणि वाफ्याच्या कडेला उगवलेली घोळ, एवढ्या भांडवलावर सृष्टीतील एक अस्सल नाट्य घरच्या घरी पाहावयास मिळते. प्राचीन इजिप्तमधील नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील भित्तिचित्रात हेच कडवे फुलपाखरू रंगविलेले आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला ते चितारावेसे वाटले. नंदुरबारच्या शाळकरी मुलाला मात्र ते पाठ्यपुस्तकाबाहेर ओळखता येत नाही.

रुईनंतर कण्हेर. तिच्यावर आणि उंबर-वडावर 'कॉमन क्रो' हे तपकिरी-काळे फुलपाखरू वाढते. त्याचा कोष म्हणजे पानाखाली लटकलेला चांदीचा थेंबच; ऊन पडले, की तो धातूसारखा चकाकतो. एखाद्या लहान मुलाला हा कोष एकदा दाखवावा. त्याला पुढे पर्यावरणाचे वेगळे पाठ द्यावे लागत नाहीत. शंकराच्या बेलावर, परसातील लिंबावर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखालील कढीपत्त्यावर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे लिंबू फुलपाखरू आणि 'कॉमन मॉर्मन' अंडी घालतात. यांची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे कोणाला खावीशी वाटू नये. मोठी झाली, की पानासारखी हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. सीताफळावर आणि दारातील उंच वाढणाऱ्या अशोकावर हिरव्या ठिपक्यांचे, क्षणभरही स्थिर न राहणारे 'टेल्ड जे' येते. आंब्यावर 'बॅरन'ची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी आडवी पडलेली असते, की हात लावेपर्यंत दिसत नाही. होळीच्या मध्यभागी जो एरंड उभा करण्याची चाल आहे, त्या एरंडाच्या नावानेच एक फुलपाखरू ओळखले जाते, 'कॉमन कॅस्टर'. कोरांटीवर 'लेमन पॅन्सी', चित्रकावर इवलेसे 'झेब्रा ब्लू', फरशीच्या फटीत उगवणाऱ्या आंबुशीवर त्याहूनही इवलेसे निळे फुलपाखरू. यादी लांबविता येईल.

येथे एक मोह टाळला पाहिजे. पूर्वजांनी ही झाडे फुलपाखरांसाठी लावली होती, असे म्हणणे गोड वाटले तरी ते खरे नव्हे. त्यांनी रुई मारुतीसाठी आणि बेल महादेवासाठी लावला, कढीपत्ता फोडणीसाठी आणि एरंड तेलासाठी. फुलपाखरांचा विचार त्यांनी केला असेल वा नसेल. पण त्यांच्या गरजा आणि त्यांची श्रद्धा मातीतल्या झाडांशी बांधलेली होती, आणि त्या बंधनाचा लाभ मुक्या जीवांना आपसूक होत गेला. तो धागा तुटला तो झाडांवरील प्रेम आटल्यामुळे नव्हे. अंगणातच पेव्हर ब्लॉक आले. रुईचा हार मंदिराबाहेर पाच-दहा रुपयांत मिळू लागला. बेलाची पाने श्रावणात हातगाडीवर येऊ लागली. कढीपत्ता भाजीवाल्याकडून मिरचीसोबत येऊ लागला. पूजा राहिली, फोडणी राहिली. झाड मात्र दारातून गेले. त्याच्या जागी क्रोटन, शोभेचे पाम आणि बारमाही हिरवी राहणारी, कोणताही जीव ज्यांना तोंड लावत नाही अशी परदेशी झुडपे आली. 'याला कीड लागत नाही' ही विक्रेत्याची शिफारस ठरू लागली. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पस या अशाच एका झपाट्याने वाढणाऱ्या परदेशी झाडाच्या लागवडीस मनाई केली. सीमेच्या अलीकडे त्याची दखल अंगणाअंगणांतून घेतली जावयास हवी.

घाणेरीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांनी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणलेली ही वनस्पती आज देशभरातील जंगलांत घुसली आहे. तिच्या रंगीत गुच्छांवर फुलपाखरे तुटून पडतात, यात शंका नाही, आणि म्हणूनच बागप्रेमी तिची भलामण करतात. परंतु तिचे पान आपल्याकडील फुलपाखरांच्या अळ्यांच्या उपयोगाचे नसते, आणि तिच्या जाळीखाली ज्या देशी झुडपांवर त्या वाढल्या असत्या, ती गुदमरतात. पाहुणचार करणाऱ्याने घरच्यांचेच ताट ओढून घ्यावे, तसा हा प्रकार. पक्षी तिची फळे खाऊन बी दूरवर नेतात. म्हणजे शहाद्याच्या अंगणातील हौस वाऱ्यावर नाही, तर बुलबुलाच्या पोटातून रानात जाते. मधासाठी झुडूप हवेच असेल, तर पेंडगूळ आहे, तुळशीच्या मंजिऱ्या आहेत, झेंडू आहे.

नंदुरबारसाठी हा प्रश्न इतर ठिकाणांहून अधिक निकडीचा का, हे समजून घेतले पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे दोन स्वभाव आहेत. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, तोरणमाळच्या परिसरात सातपुड्याचे रान. तर तापीकाठी मिरची, कापूस, ऊस, केळी आणि पपईची बागायत. पानझडीचे रान माघ-फाल्गुनात उघडे पडते. पावसानंतर भाद्रपद ते कार्तिकात फुलपाखरांचा जो बहर असतो, तो तेव्हा ओसरलेला असतो. वसंतात बहावा, उंबर, करंज यांना कोवळी पालवी फुटते आणि त्या पालवीवर एक लहानसा दुसरा बहर उभा राहतो. मात्र त्यानंतर येतो तो खानदेशचा उन्हाळा! चैत्र-वैशाखात रानातील झरे आटतात आणि सपाटीवर जेथे हिरवे पान उरते, तेथे बहुधा पीक असते आणि पिकावर फवारणी असते. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देऊन उपयोग नाही. मिरचीवरची कीड त्याचे वर्ष खाते. पण मग रान वाळलेले आणि शेत फवारलेले असताना फुलपाखराने जावे कोठे? ज्या अंगणात रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी पडते, ते अंगणच त्या दोन-तीन महिन्यांत त्याचा आसरा असते. तेथेही पंप चालला, तर पुढच्या पावसाळ्यात अंडी घालावयास मादी उरत नाही.

हे भय कल्पनेतले नाही. जर्मनीतील क्रेफेल्डच्या हौशी कीटकअभ्यासकांनी वर्षानुवर्षे जमविलेल्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील संरक्षित क्षेत्रांतसुद्धा २७ वर्षांत उडत्या कीटकांचे एकूण वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे त्यात दिसून आले. उत्तर अमेरिकेत मोनार्क हे प्रसिद्ध स्थलांतरी फुलपाखरू मिल्कवीड या चिकाच्या झाडांवर वाढते. तणनाशकांनी शेतांतील मिल्कवीड नाहीसे केले, मोनार्कची संख्या कोसळली आणि मग तेथील कुटुंबे बियांची पाकिटे विकत आणून परसात ते तण लावू लागली. हे मिल्कवीड म्हणजे रुईचे चुलत भावंड. जे त्यांना पैसे मोजून आणावे लागते, ते नंदुरबारच्या प्रत्येक उकिरड्याशेजारी फुकट उगवते आणि स्वच्छतेच्या नावाखाली उपटले जाते.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये 'ब्लू मॉर्मन' अर्थात राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला; असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. निर्णय स्तुत्यच होता. पण राज्य फुलपाखराची अळीही लिंबाच्याच कुळातील पाने खाते, हे किती घरांत सांगितले गेले? मान पंखांना मिळाला. अळीच्या वाट्याला औषधच आले.

यावर कोणी म्हणेल, की अशा बागा पाऊसपाण्याच्या प्रदेशात शोभतात. ठाण्याजवळ घोडबंदर मार्गावरील ओवळा येथे राजेंद्र ओवळेकर या शिक्षकांनी घरच्या शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग उभी केली आणि कोणत्या जातीला कोणते झाड लागते, याचा अभ्यास करून एकेक झाड जमविले. ती पाहावयास लोक दुरून येतात. कोकणात पडणाऱ्या पावसाच्या निम्माही पाऊस नंदुरबारच्या सपाटीला मिळत नाही, हे खरेच. परंतु ओवळेकरांच्या बागेतून घ्यायचे ते झाडांचे प्रमाण नव्हे, तर क्रम: आधी पान, मग फूल. आणि रुई, कण्हेर, बेल, लिंबू, कढीपत्ता, सीताफळ, एरंड ही तर अवर्षणाला न घाबरणारी झाडे आहेत. भांडी धुतलेल्या पाण्यावर ती जगतात. मोरीच्या पाण्याने ओली राहणारी मातीसुद्धा वाया जात नाही. नर फुलपाखरे अशा ओल्या मातीतून क्षार शोषून घेतात. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याची सवय अनेक घरांना आहेच. त्याच्या शेजारी एका पसरट थाळीत माती घालून ती ओली ठेवली, की पुरे.

काही सावधगिरीही सांगावयास हवी. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते आणि कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. रांगत्या मुलांच्या घरी ही झाडे कुंपणापलीकडे बरी. अंगाला खाज आणणारे केसाळ सुरवंट बहुधा पतंगांचे असतात. फुलपाखरांच्या बहुतांश अळ्या निरुपद्रवी असतात, हा फरक घरातील मोठ्यांनी आधी शिकून मग मुलांना शिकवावा. निंबोळी अर्क 'नैसर्गिक' म्हणून बिनधास्त फवारणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे, की तो अळीला सेंद्रिय-असेंद्रिय असा भेद न करता मारतो. आणि अळ्यांनी झाड मरते, ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. बहाव्याची कोवळी पाने 'कॉमन एमिग्रंट'च्या अळ्या फस्त करतात, लोक 'झाडाला कीड लागली' म्हणून हळहळतात, आणि पंधरवड्यात बहावा पुन्हा पालवतो. कुंडीतील लहान कढीपत्ता मात्र एकदम ओरबाडला जाऊ शकतो; तेथे दोन रोपे लावावीत, एक घरासाठी, एक पाहुण्यांसाठी.

शाखा, महिला मंडळे, शाळा यांनी यासाठी स्वतंत्र मोहीम काढण्याचे कारण नाही. मोहिमा निघतात आणि छायाचित्रे काढून संपतात. चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहेच. त्या दिवशी बाग दाखविताना फुलांबरोबर एक कुरतडलेले पान दाखवावे, त्याखालचा कोष दाखवावा, आणि वाण म्हणून क्रोटनऐवजी बेलाचे वा लिंबाचे रोप द्यावे. ज्या मंडळांना बागांची स्पर्धा घ्यावयाची हौस आहे, त्यांनी गुण देताना पानांना पडलेली भोके मोजावीत. पहिल्या वर्षी लोक हसतील. हसू द्यावे.

मारुतीच्या मंदिरांनीही मनावर घ्यावे. पारावर दोन रुईची झाडे असली, की शनिवारच्या हाराची पाने तेथेच मिळतात, आणि खुडताना एवढेच पाहावयाचे असते, की पानाच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा फिकट ठिपका नाही ना. असला, तर ते पान सोडून शेजारचे घ्यावे.

रुईचे बी मिळवावयास कोठे जावे लागत नाही. याच दिवसांत, चैत्राच्या वाऱ्यावर, तिची बोंडे उकलतात आणि रेशमी शेपटाचे बी तरंगत निघते. मुले त्याला 'म्हातारी' म्हणतात आणि पकडण्यासाठी धावतात. पकडलेली म्हातारी फुंकर मारून पुन्हा सोडून देण्याचा खेळ आहे. यंदा त्यांतील दोन-चार म्हाताऱ्या कागदात बांधून ठेवाव्यात आणि मृगाचा पहिला पाऊस झाला, की कुंपणाच्या कडेला बोटभर खोल पेराव्यात.